चांगुणानं पेन उचललं न्हाय

चांगुणा माझी सख्खी धाकटी भैन. आमच्या मिलमंदी मशीनवर काम करनाऱ्या बाया रिळिंग म्हंजी सूत गुंडाळायच्या खात्यात शंभर असतील, पन मशीनला शिकवनारी बाई एकच, आनि ती माझ्या पाठीवरची हाय. हे मी पैल्यांदाच सांगून ठिवतो, कारन फुडं जे सांगनार हाय त्यात माझी थोडी फजिती हाय, आनि मानसांच्या तेवढी फजितीच ध्यानात ऱ्हाती.

मी कोंडीबा. आमी सांगोल्याकडचे. बा मेंढरं राखायचा. मी सातवीपतोर शिकलो. नापास झालो न्हाय, बा म्हनला पुरं, म्हनून पुरं केलं. मंग सोलापूरला मिलमंदी बदली कामगार म्हनून लागलो. बदली म्हंजी कायम मानूस आला न्हाय तर त्याच्या मागावर आपन हुबं ऱ्हायचं, आनि तो आला की गेटावरनं घरला माघारी. अशी अकरा वर्सं काढली. त्या अकरा वर्सांत चांगुणाला मी हितं आनली, शाळंत घातली, कालिजात घातली. गनितात ती पैली आली. मला त्याचं नवल वाटलं न्हाय. आमच्या घरात डोकं हायच, माझं मागाकडं गेलं आनि तिचं आकड्याकडं.

मिलवाल्यांनी तवा मुंबैच्या कुन्या कंपनीत वापरलेलं कम्प्युटर मशीन इकत आनलं हुतं. कपाटाला कपाट लावलेलं, अख्खी खोली भरून. त्याला ऊन सोसत न्हाय, धूळ सोसत न्हाय, म्हनून ती खोली थंड. मे महिन्यात त्या खोलीच्या काचंला पाठ लावून हुबं ऱ्हायला लोक कायबाय निमित्त काढायचे. मला निमित्त लागत नव्हतं. माझी भैन आत हुती.

चांगुणाचं काम कोबॉल लिवायचं. ही मशीनशी बोलायची भाषा. शब्द इंग्रजी, पन एकेक वळ एकेका पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून लिवायची. दोनशे वळी म्हंजी दोनशे कार्डं. कार्डावर कुटल्या घरात काय सुरू करायचं ते बी ठरल्यालं. एक घर हिकडं-तिकडं झालं की मशीन घेत न्हाय. मी तिला जेवताना लई इचारायचो.

"त्या मूव्ह शब्दाचा अर्थ काय म्हनलीस?"

"हलवायचं. हितला आकडा तितं न्यायचा."

"मंग हितं काय ऱ्हायलं?"

"हितं बी तोच ऱ्हातो."

"मंग हलवला कुटं? नक्कल केली म्हन की."

ती घास हातात धरून बघतच बसली. म्हनली, "आण्णा, ट्रेनिंगला आमी वीस जन हुतो. हे कुनीच इचारलं न्हाय." ही गोष्ट मी आमच्या खात्यात सगळ्यास्नी सांगितलीया, काहींना दोनदा.

पन चांगुणाची खरी हुशारी लिवन्यात न्हाय, चूक धुंडन्यात हाय. एकदा स्टोअरचा छापील कागद आला, त्यात बॉबिनच्या पेट्या शून्य. गोडाऊन तर पेट्यांनी भरल्यालं. स्टोअरकीपर म्हनला मशीन बिघडलं, मेकॅनिक बोलवा. चांगुणानं मशीनला हात बी लावला न्हाय. इचारलं, "कालच्या कागदात किती हुत्या?"

"नव्व्यान्नव."

"आन काल संध्याकाळी किती आल्या?"

"एक."

झालं. प्रोग्रॅम लिवताना कुनीतरी त्या आकड्याला दोनच घरं ठिवली हुती. नव्व्यान्नवपतोर बसतंय. शंभर झालं की डावीकडचा एक जागा न्हाय म्हनून भाईर पडतो, आनि दोन शून्य तेवढे ऱ्हातात. मला ह्यात इशेष वाटलं ते हे की, मशीन वरडत न्हाय. माग असला की धागा तुटल्यावर थांबतो. हे मशीन तुटल्या धाग्यानं बी कापड विनत जातंय, आनि कापड दिसतंय बी झ्याक. म्हनून चांगुणा कायम दोनच गोष्टी इचारायची, कवापतोर बराबर हुतं, आनि तवापासनं काय बदललं. मी आता मागावर बी तसंच करतो.

आता शहात्तर सालची गोष्ट. आमच्या मिलचा नियम असा की, बदली कामगाराचे वर्सात दोनशे चाळीस दिवस भरले की तो कायम. यादी वर्सातनं एकदाच, दसऱ्याच्या मागनं लागायची. आधी ती मोजनी टाइम ऑफिसातले कारकून करायचे. त्या साली पैल्यांदा मशीन करनार हुतं, आनि प्रोग्रॅम चांगुणाचा. आधीच्या वर्साला माझे दोनशे एकतीस भरले हुते, त्याच्या आधी दोनशे अठ्ठावीस. औंदा मी दाराच्या मागं भितीवर कोळशानं रेघा वढल्या हुत्या. दोनशे त्रेचाळीस. मी खात्यात सांगून मोकळा झालो हुतो की यंदा कारकुनाचा घोटाळा न्हाय, माझ्या भैनीचं मशीन हाय, आनि ते चुकत नस्तं.

यादी बुधवारी सकाळी सातला गेटावर लागनार हुती. मंगळवारी अकराच्या सुमाराला चांगुणा आमच्या माग खात्यात आली. ती कवाच तिकडं येत नस्ती. मागांच्या आवाजात बोलनं ऐकू येईना, म्हनून मला दाराशी नेलं.

"आण्णा, यादी छापून झाली. तुझं नाव न्हाय त्यात."

"न्हाय म्हंजी?"

"एकसष्ट नावं हायती. तुझं न्हाय."

शेजारच्या मागावरचा येडू, माझ्यागतच बदली कामगार, कान लावून हुताच. त्यानं माग थांबवला. "काय गड्या, तुझ्या भैनीच्या मशीननं तुलाच गाळलं व्हय?" म्हनला. "आमी तर परकेच."

मी म्हनलो, "चांगुणा, तुला ठावं हाय माझे दिस भरल्यात. भितीवर रेघा हायत. लिही की."

"कशावर लिहू? मशीननं छापल्यालं हाय ते."

"पेनानं लिही. खाली जागा असलच की."

"त्रिंबकरावसाहेब बी तेच म्हनले."

त्रिंबकराव म्हंजी तिचं साहेब, कम्प्युटर खात्याचे. चांगला मानूस. ते म्हनले हुते, "चांगुणाबाई, तुमच्या भावाचे दिवस भरलेत हे तुम्हाला माहीत आहे. लिहा नाव, मी सही करतो." चांगुणानं त्यांना काय सांगितलं ते तिनं मला तसंच्या तसं सांगितलं: "साहेब, एक नाव गळलंय म्हणजे आणखी किती गळलीत ते मला ठाऊक नाही. पेन उचललं तर मी एकच नाव लिहीन, आणि ते माझ्या भावाचं असेल."

साहेबांनी तिला संध्याकाळी सहापतोर येळ दिला. तवर कारन घावलं तर नवी यादी, न्हायतर हाय तीच गेटावर. आनि मंग फुडच्या दसऱ्यापतोर कायमचं नाव काढायचं न्हाय. येडू हे समदं ऐकत हुता. तो हसला न्हाय, पन त्यानं माग सुरू केला तो लई जोरात केला असं मला वाटलं.

मी चांगुणावर चिडलो हुतो, हे खरंच सांगतो. अकरा वर्सं मी गेटावरनं माघारी गेलोय. ती शाळंत जाताना मी माघारी गेलोय. एक नाव लिवायला काय लागतंय. पन ती गेली तिच्या खोलीकडं, आनि मी मागाकडं.

साडेतीनला पाळी सुटली तसा मी काचंपाशी जाऊन हुबा ऱ्हायलो. चांगुणानं बघितलं आनि मला आत घेतलं. "चपला भाईर काढ," म्हनली, "आनि कशाला हात लावू नगंस." आत तिचा ऑपरेटर मडिवाळप्पा हुता, अक्कलकोटकडचा, मशीनमंदी कार्डं घालायचं काम करनारा. लई भाविक मानूस, कपाळाला इभूती, बोलनं थोडं. तिच्याशी मराठी बोलायचा आनि मशीनशी कानडी.

"काय घावलं का?" मी इचारलं.

"प्रोग्रॅम तीनदा वाचला. बेरीज बराबर हाय. टाइम ऑफिसातल्या धा जनांचं हातानं मोजून बघितलं, ते बी बराबर."

"मंग माझंच कसं चुकलं?"

"तेच बघतीया. आपन मशीनला सांगितलंय, दोनशे चाळीस आनि वरचे तेवढेच छाप. म्हनून बाकीच्यांचं त्यानं काय केलं ते दिसतच न्हाय. आता त्याला सांगते, समद्यांचं छाप. सात दिवस भरल्याला बी छाप."

तिनं प्रोग्रॅममधलं एक कार्ड काढलं, त्याच्या जागी दुसरं घातलं. मडिवाळप्पानं कार्डांच्या पेट्या एकामागनं एक मशीनमंदी लावल्या. दर कामगाराचं दर महिन्याला एक कार्ड, त्यावर टोकन नंबर आनि भरलेले दिवस. असे तीनशे बदली, वर्साची बारा कार्डं धरली तर तीन हजार सहाशे. ती पत्ते पिसल्यागत फर्रर करत आत गेली. मंग छापायचं मशीन सुरू झालं. येवढा आवाज की मला माझ्या खात्यात आल्यागत वाटलं. जरा बरं वाटलं.

कागदाची घडीवर घडी पडत गेली. चांगुणानं चारशे सतरा हुडकलं, माझं टोकन. "दोनशे बावीस," ती म्हनली.

"एकवीस कमी," मी म्हनलो. मी हिशेबात कच्चा न्हाय.

ती कागद चाळत गेली, चाळत गेली, आनि एकदम शेवटच्या पानावर थांबली. समद्यात मोठं टोकन बाराशे दोन. त्याच्या खाली काय नसायला पायजे हुतं. खाली दोन वळी हुत्या.

चारशे सतरा, एकवीस.
नऊशे दोन, अठरा.

"आण्णा," ती म्हनली, "शिवबाईचं लंगडं मेंढरू ध्यानात हाय का तुझ्या?"

मला लगीच आठवलं. गावाकडं तीन घरची मेंढरं एकाच वाघरीत कोंडायची. वाघर म्हंजी जाळीचं कुंपन. एकेका घरची मेंढरं गटानं आत घ्यायची, आनि चांगुणा, तवा आठ वर्साची, फटीपाशी बसून मोजायची. गेरूचा ठिपका आमचा, निळा शिवबाईचा, काळा तिसऱ्याचा. ठिपका बदलला की ती आधीच्या खड्यांचा ढीग बाजूला सारायची आनि नवा ढीग मांडायची. एकदा शिवबाईचं एक लंगडं मेंढरू समद्याच्या मागनं आलं. चांगुणानं त्याचा येगळा ढीग मांडला, एका खड्याचा. शिवबाई कडाकडा भांडली, तुमी माझं मेंढरू खाल्लं म्हनून.

"मशीन बी तसंच बसलंय फटीपाशी," चांगुणा म्हनली. "त्याला हातातलं कार्ड आनि त्याच्या आधीचं कार्ड तेवढं ठावं. नंबर बदलला की ते बेरीज छापतं, पाटी कोरी करतं आनि फुडं जातं. मागं काय हुतं ते ध्यानात ठेवायला जागाच न्हाय. तुझी अकरा कार्डं जागच्या जागी आली, बारावं समद्यांच्या मागनं आलं. त्याला वाटलं दोन मानसं हायत. एकाचे दोनशे बावीस, एकाचे एकवीस. दोघं बी दोनशे चाळीसच्या आत. दोघांना बी गाळलं."

मी मशीनकडं बघितलं. येवढं थोरलं धूड, आनि आठ वर्साच्या पोरीगत मोजतंय. मला त्याचा राग आला न्हाय. उलट कायतरी वळख पटल्यागत झालं.

"पन कार्डं तर नंबरावारी लावल्याली हुती न्हवं?"

"खंडेनवमीच्या आदल्या दिशी लावली हुती. बराबर लावली हुती, मी सोता बघितली." ती उठली, शेवटच्या पेटीतनं ती दोन कार्डं काढली आनि उजेडात धरली. "ही नवी हायती. कडा बघ, कोऱ्या. बाकीची हाताळून मऊ झाल्यात. मडिवाळप्पा, ही कधी पाडली?"

मडिवाळप्पा खाली बघत हुता. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, अक्का."

"का? जुनी कुटं हायती?"

"नौशे दोनचं कोपरा मोडलं होतं. टाकलं."

"आन चारशे सतराचं?"

तो कपाटाकडं वळला. मंग हळूच कपाटावर हात घातला. तितं स्वामींचा फोटू हुता, त्याच्या पुढं एक कार्ड ठिवलं हुतं. कार्डावर हळदकुंकवाची बोटं, आनि चार तांदूळ अजून चिकटलेले.

आता माझ्याकडची गोष्ट सांगायलाच पायजे. खंडेनवमीला आमच्या मिलमंदी मागांची पूजा असती, त्या दिशी घरची मानसं बी आत येत्यात. मी कम्प्युटरच्या खोलीत गेलो हुतो. चांगुणानं मला माझं कार्ड काढून दाखवलं, म्हनली हे तुझं ऑगस्टचं, ही भोकं म्हंजी तू. मंग तिला साहेबांनी हाक मारली. पूजेचं ताट शेजारीच हुतं. मी मागाला कुंकू लावतो, धोट्याला लावतो, मंग जितं माझा सोताचा नंबर हाय त्याला का लावू नये? लावलं, अक्षता टाकल्या, आनि कार्ड जागच्या जागी खोचून ठिवलं. चांगलं दाबून.

"पूजा केलेलं कार्ड," मडिवाळप्पा म्हनला, "मशीनच्या चाकाखाली कसं घालायचं, अक्का? फेकायचं पण नाही. म्हणून दुसरं पाडलं. नवं कार्ड आपण पेटीत मागंच ठेवतो की नेहमी. मग सॉर्टर लावतो, ते मशीन नंबरावारी लावून देतं."

"ह्या टायमाला सॉर्टर आधीच लावला हुता."

"हौदु, होय अक्का. ते विसरलं." त्याच्या डोळ्यात पानी आलं.

मी फुडं झालो. मंग म्हनलो, "साहेबांना मी सांगतो. कुंकू मी लावलं. ह्या मानसाचा दोष न्हाय."

चांगुणानं नोंदवही वढली. नवी यादी काढायची तर कारन लिवून साहेबांची सही लागायची. ती लिवत हुती तवा मी खांद्यावरनं वाचलं. "दोन कार्डे क्रम लावल्यानंतर शेवटी ठेवली गेली. कार्डे क्रमाने आहेत की नाहीत हे प्रोग्रॅम तपासत नव्हता. तपासणी घालायला हवी होती. चूक प्रोग्रॅमची, म्हणजे माझी."

"तुझी कशी?" माझा आवाज चढला. "कुंकू कुनी लावलं, कार्ड कुनी हलवलं, आनि नाव तुझं?"

"आण्णा, कुंकू उद्या बी कुनीतरी लावल. कार्ड कुनाच्या बी हातनं पडल. लहान नंबर मोठ्याच्या मागनं आला की मशीननं थांबायला पायजे हुतं. ते थांबलं न्हाय, कारन मी त्याला थांब म्हनून सांगितलंच नव्हतं."

मंग तिनं प्रोग्रॅमचं आधीचं कार्ड परत जागेवर घातलं आनि चार नवी कार्डं पाडली, त्या थांबायच्या सांगन्याची. ती दोन कार्डं हाय तितंच, मागंच ठिवली, आनि मुद्दाम तशीच चालवली. तीन हजार सहाशे कार्डं फर्रर करत गेली आनि शेवटाला मशीन खटकन थांबलं. छापल्याल्या यादीच्या खाली एक वळ आली, चारशे सतरा जागेवर न्हाय. चांगुणाच्या तोंडावर तवा जे हसू आलं ते मी तिच्या कालिजच्या निकालाला बी बघितलं न्हवतं. तिनं दोन्ही कार्डं हातानं जागच्या जागी घातली. साडेपाचला नवी यादी निघाली. एकसष्टाची त्रेसष्ट झाली.

"हे नऊशे दोन कोन?" मी इचारलं.

तिनं यादी बघितली. "मथुराबाई. रिळिंग खातं. दोनशे एकेचाळीस."

मथुराबाईला मी तोंडानं वळखत हुतो. बारीकशी बाई, कुनाशी बोलायची न्हाय. तिचं कुनी मिलमंदी नव्हतं. सकाळीच चांगुणानं माझं नाव पेनानं लिवलं असतं, तर मी घरला जाऊन पेढं वाटलं असतं आनि नऊशे दोनचं नाव बी मला कळलं नसतं. हे मी चांगुणाला तवा बोललो न्हाय. थोरला भाव हाय मी. घरला जाताना तिची पिशवी तेवढी मी घेतली. मंग तिला घरी सोडून मी एक फेरी मारून आलो, आनि आमच्या चाळीतल्या चार जनांना मशीन कसं मोजतं ते लंगड्या मेंढरासकट नीट समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावनेसातला मी गेटावर हुतो. यादी लागली. गडी एकमेकाच्या खांद्यावरनं बघत हुते. माझं नाव अडतिसावं. मी ते तीनदा वाचलं, मंग ज्यांना वाचता येत न्हाय त्यांची वाचून दाखवाय लागलो. मागनं एक हात आला.

"दादा, नऊशे दोन बघा की."

"हाय," मी म्हनलो. "मथुराबाई, रिळिंग."

"परत बघा."

मी तिचं बोट धरून आकड्यावर ठिवलं. ती बोट तितंच ठिवून हुबी ऱ्हायली. मागनं गडी रेटाय लागले तरी हलली न्हाय. भोंगा झाला तवा पदर सारखा करून आत गेली.

मी तिच्या मागनं आत शिरलो आनि माग खात्याकडं वळायच्या आधी कम्प्युटरच्या खोलीकडं बघितलं. दाराशी ही रांग. समदे बदली, पैला येडू. चांगुणा किल्ली घेऊन आली, रांग बघितली, मंग मला बघितलं.

"आण्णा, काल किती जनांना सांगितलंस?"

"चारच."

"हे चौदा हायती."

येडू टोपी काढून हुबा. "ताई, कालच्या लांब कागदात माझे दोनशे चौतीस दाखवल्यात म्हनं. माझ्या मनानं जास्त हायत. त्या मशीनच्या मागं कुटं माझं एखादं मेंढरू ऱ्हायलंय का, तेवढं बघा."

चांगुणानं दार उघडलं न्हाय. काखेतली वही काढली, भितीला टेकवून धरली, आनि म्हनली, "टोकन नंबर सांगा. आन कुटल्या महिन्याचा संशय हाय, ते बी सांगा."

"श्रावन," येडू म्हनला.

"इंग्रजी महिना," ती म्हनली, आनि येडू बोटाच्या पेरावर मोजत बसला.